स्तूप आणि विहारांचे अवशेष कसे पाहावेत? – तेर ते पितळखोरे : एक अभ्यासपाठ

लेणी आणि स्तूप पाहण्याची आवड आपल्या उपासक-उपासिकांत वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात किंवा दिवाळीच्या सुटीत गावोगावहून गाड्या करून मंडळी निघतात. परंतु पुष्कळदा असे होते की, आपण त्या ठिकाणी जातो, वंदना घेतो, फोटो काढतो, डबा खातो आणि परत येतो. समोरचा दगड काय सांगत होता, ते समजून घेण्याचे राहून जाते. वंदना तर करावीच. पण ज्या धम्मात डोळे उघडे ठेवण्याला एवढे महत्त्व आहे, त्या धम्माचे अवशेष डोळे उघडे ठेवून पाहणे हीसुद्धा एक वंदनाच आहे. म्हणून संस्थेच्या सभासदांसाठी व विशेषतः विद्यार्थ्यांसाठी हा छोटासा पाठ आम्ही येथे देत आहोत. यात आपल्या दाराशी असलेले तेर आणि दूर जंगलात असलेले पितळखोरे ही दोन मुख्य उदाहरणे घेतली आहेत.

१. आधी शब्द समजून घेऊ

स्तूप म्हणजे मूळचा मातीचा, पुढे विटांचा किंवा दगडाचा उंचवटा. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींचे आठ भाग झाले व त्यांवर स्तूप उभारले गेले, असे महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे. स्तूपाचे भाग खालून वर असे ओळखावेत : तळाचा गोल चौथरा म्हणजे मेढी, त्यावरचा अर्धगोल म्हणजे अंड, अंडावरचा चौकोनी कठडा म्हणजे हर्मिका आणि सर्वांत वर छत्र. भोवती फिरण्याची वाट तो प्रदक्षिणापथ. सर्वच स्तूपांत अस्थी असतात असे नाही. काही स्तूप वापरातील वस्तूंवर उभारलेले, तर काही केवळ स्मरणासाठी उभारलेले असतात.

ज्या दालनात स्तूप असतो ते चैत्यगृह. त्याची मागची बाजू बहुधा अर्धगोल असते, कारण स्तूपाला फेरी घालायची असते. भिक्खूंच्या निवासाची जागा म्हणजे विहार. मध्ये मोकळे दालन, तीन बाजूंना लहान खोल्या व खोलीत निजण्यासाठी दगडी ओटा, अशी त्याची साधारण रचना असते. शेजारी पाण्याचे टाके असते. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरात कोरलेल्या निवासाला त्याच लेखांत ‘लेण’ असा शब्द येतो. आपण आज ‘लेणी’ म्हणतो, तो शब्द थेट तेथून आपल्या तोंडी आला आहे. दानाला ‘देयधम’ म्हणत. हे तीन शब्द विद्यार्थ्यांनी पाठच करावेत. ब्राह्मी अक्षरे थोडी ओळखता येऊ लागली की, भिंतीवर हे शब्द सापडू लागतात आणि दगड बोलू लागतो.

२. आपल्या नदीच्या काठी : तेर

तेरखेडा म्हटले की बाहेरच्या माणसाला फटाक्यांचे कारखाने आठवतात. पण याच परिसरातील बालाघाटच्या डोंगरात तेरणा नदी उगम पावते व पुढे तेर गावावरून वाहत जाऊन मांजरेला मिळते, हे फार थोड्यांना आठवते. तेरखेड्याहून येरमाळा, येडशी असे गेले की वाटेत रामलिंग अभयारण्याची झाडी लागते आणि तेथून पुढे तेरला जाता येते. आपल्या भागातून वाहत जाणाऱ्या पाण्याच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी एक मोठे नगर होते. त्याचे नाव तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तेथून जाडेभरडे कापड, तलम कापड व इतर माल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या अवघड मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत नेत, असे तो लिहितो. हे तगर म्हणजेच आपले तेर, हे १९०१ साली जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने मांडले व ते पुढे मान्य झाले.

तेरमध्ये १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. त्यानंतरही निरनिराळ्या वेळी उत्खनने झाली. त्यांतून सातवाहन काळातील वस्ती उजेडात आली आणि विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. येथील रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व शिवारात मिळणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहातूनच आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे. नाणी, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, दिवे आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेथे पाहता येते. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या शहरात १९३८ साली भारतीय बनावटीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी तेरच्या मूर्तीची तुलना अभ्यासक करतात. तेरणाकाठचा माल कोठवर पोहोचत असेल, याची कल्पना यावरून येते.

तेरमध्ये आणखी एक वास्तू लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे त्रिविक्रम मंदिर. हे विटांचे मंदिर मागच्या बाजूने अर्धगोल आहे, त्याचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे आणि दर्शनी बाजूला चैत्यकमान आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हेन्री कझेन्स यांनी हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले. आंध्रातील चेजर्ला येथेही याच घडणीचे मंदिर आहे. आज तेरच्या या वास्तूत विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते.

३. दावा आणि पुरावा

येथे थोडे थांबून एक महत्त्वाची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. अशी वास्तू पाहिली की, ‘हे सगळे आपलेच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अर्धगोल आकार एवढ्या एकाच खुणेवरून निर्णय देता येत नाही. तशा आकाराची मंदिरे इतर पंथांनीही बांधली आहेत व या वास्तूविषयी सर्व अभ्यासक एकमताचे नाहीत. कझेन्स यांचे मत सांगावे, त्याला आधार काय तेही सांगावे आणि ‘मत’ हा शब्द गाळू नये.

धाराशिव शहराजवळची लेणी याचे दुसरे उदाहरण आहेत. त्यांतील मोठ्या लेण्याची आखणी अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देते. आत मात्र पार्श्वनाथांची मूर्ती आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा करकंड राजाशी जोडलेली आहे. ही लेणी मूळची बौद्ध व नंतर जैन झाली, असे काही विद्वान म्हणतात, तर ती आरंभापासून जैनच होती, असे इतर म्हणतात. आपण तेथे जावे, दोन्ही बाजू समजून घ्याव्यात आणि तेथे पूजा करणाऱ्या जैन बांधवांशी आदराने वागावे.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जी शिकवण दिली, ती हीच आहे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे. ही कसोटी दुसऱ्याच्या दाव्याला लावायची आणि आपल्या दाव्याला लावायची नाही, असे चालणार नाही. आपला खरा पुरावा इतका भक्कम आहे की, त्याला ओढूनताणून आणलेल्या पुराव्याची जोड देण्याची गरजच नाही. तो किती भक्कम आहे हे पाहायचे असेल, तर दोन दिवस राखून मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला जावे.

४. जंगलातील पितळखोरे

कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेत, गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे जंगल पसरलेले आहे. अंजन, धावडा, पळस अशा झाडांनी भरलेल्या या डोंगरात एका खोल दरीच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. वरच्या पठारावरून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. पावसाळ्यात वर धबधबा पडत असतो व ओढा भरून वाहतो.

ही लेणी महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या लेण्यांपैकी आहेत. त्यांचे काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात सुरू झाले. खडक ठिसूळ असल्याने पुष्कळ भाग कोसळला आहे. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी येथील ढिगारा उपसला, तेव्हा ओळीने कोरलेले हत्ती, शस्त्रधारी द्वारपाल आणि पायऱ्या उजेडात आल्या. चैत्यगृहातून स्फटिकाचे करंडकही मिळाले. दरीच्या पलीकडच्या बाजूला लहान लेण्यांत स्तूप आहेत. तेथपर्यंत जायचा कंटाळा करू नये.

ढिगाऱ्यात एक बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची यक्षमूर्ती मिळाली. ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे : कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली. लेण्यांमध्ये कोरीव काम करणाऱ्या कारागिराचे नाव क्वचितच मिळते. म्हणून ही एक ओळ मोलाची आहे.

चैत्यगृहाच्या खांबांवर पैठणच्या दात्यांची नावे आहेत. त्यांपैकी एक मितदेव हा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला होता. विहारातील लेखांत मगिल नावाचा राजवैद्य, त्याची मुलगी दता आणि मुलगा दतक यांची नावे येतात. राजाच्या पदरचा वैद्य आहे, पण दान राजाचे नाही. ते वैद्याच्या कुटुंबाचे आहे आणि त्यात मुलीचे नाव स्वतंत्रपणे कोरलेले आहे.

५. विहार जंगलात का?

पुष्कळांचा असा समज असतो की, भिक्खू संसाराला कंटाळून रानात पळाले. हा समज चुकीचा आहे. राजा बिंबिसाराने संघाला वेळुवन दिले, तेव्हाचा त्याचा विचार विनयपिटकात आला आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. लोकांना येणे-जाणे सोयीचे व्हावे. दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. विहारांच्या जागा पाहिल्या की हीच कसोटी दिसते.

भिक्खूला रोज भिक्षेला जायचे असे, म्हणून वस्ती हवी. ध्यानासाठी शांतता हवी, म्हणून थोडे अंतर हवे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने एका जागी राहायचे, म्हणून पक्का निवारा व बारमाही पाणी हवे. आणि तगर, पैठणहून भडोचकडे जाणाऱ्या गाडीवाटा घाटांतूनच उतरत होत्या, म्हणून व्यापारी दातेही त्याच वाटेने येत. पितळखोऱ्याजवळचा औट्रमघाट आजसुद्धा मराठवाड्यातून खानदेशात उतरण्याचा रस्ता आहे. लेणे पाहायला गेल्यावर म्हणून आधी तीन गोष्टी शोधाव्यात : पाणी कोठे आहे, जुनी वाट कोठून जात असेल आणि जवळची वस्ती कोणती. हे तीन प्रश्न विचारले की, निम्मा इतिहास समोर उभा राहतो.

६. हे कोणी उभे केले?

हा या पाठाचा गाभा आहे. पितळखोऱ्याच्या गंधिकाप्रमाणे इतरही ठिकाणी कोणाची नावे आहेत, ते पाहा. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार सामी नावाच्या सुताराने केले आहे. नाशिकला मुगूदास नावाच्या कोळ्याने सहकुटुंब लेणे दिले आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे माळ्याचे व लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. भिक्खुणींची व उपासिकांची नावे तर ठिकठिकाणी आहेत.

एकाने पूर्ण लेणे दिले, एकाने एक खांब दिला, एकाने टाके दिले, तर एकाने नुसती वाट दिली. ज्याची जेवढी ऐपत, तेवढे त्याने दिले आणि संघाने प्रत्येकाचे नाव सारख्याच आदराने दगडावर राहू दिले. त्या काळातील किती तरी लोहार, सुतार, कोळी, माळी आले आणि गेले. त्यांतील थोड्यांची नावे दोन हजार वर्षे टिकली, ती येथे.

दान म्हणजे केवळ भाबडी श्रद्धा होती, असेही समजू नये. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. मूळ रक्कम मोडायची नाही, फक्त व्याज वापरायचे. याला अक्षयनीवी म्हणत. त्यांपैकी २००० कार्षापण शेकडा दरमहा १ या दराने होते. आता विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. दरमहा व्याज २०, वर्षाचे २४०. लेखात सांगितले आहे की, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. बारा विसे दोनशे चाळीस. एका कार्षापणाचाही फरक नाही! उरलेले १००० शेकडा पाऊण दराने होते. त्यांचे वर्षाला ९० होतात व ते इतर किरकोळ खर्चासाठी होते.

म्हणजे पैसा कोष्ट्यांच्या धंद्यात खेळत होता, त्याचे व्याज चीवरे पुरवत होते आणि हा व्यवहार सर्वांना वाचता येईल असा भिंतीवर कोरलेला होता. आजच्या आपल्या संस्थांनी, मंडळांनी आणि विहार समित्यांनी यापासून काय शिकावे, हे वेगळे सांगायला नको. वर्षाचा जमाखर्च फळ्यावर लावायला आपण कचरतो. त्यांनी तो दगडावर लावला होता.

७. आपल्या डोळ्यांदेखत काय हरवते आहे

डोंगरातील लेणे निदान सहज चोरता येत नाही. विटांच्या स्तूपाची गोष्ट वेगळी आहे. वीट उचलली की गेली. मराठवाड्यात जुन्या गावठाणाच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो व माळवदावर टाकण्यासाठी तेथील पांढरी माती खणून नेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घर गळू नये एवढीच त्याची इच्छा असते. परंतु त्या मातीच्या थरांतच जुनी खापरे, मणी, नाणी आणि विटांच्या भिंती असतात. थर एकदा विस्कटला की, कोणती वस्तू कोणत्या काळातली, हे कोणालाही सांगता येत नाही. फाटलेल्या पुस्तकाची पाने गोळा करता येतील, पण पानांवरचे आकडेच गेले तर क्रम लावणार कसा?

तेर संतश्रेष्ठ गोरोबाकाकांचेही गाव आहे. माती तुडवून मडकी घडवणाऱ्या कुंभाराचे हे गाव, आणि त्याच मातीच्या विटांचा स्तूपही येथेच होता. ही माती सर्वांची आहे. म्हणून ती राखण्याचे कामही एकट्या बौद्धांचे नाही. शाळा, ग्रामपंचायत, वारकरी मंडळी अशा सर्वांना बरोबर घेऊनच ते करावे लागेल.

८. दर्शनाला जाताना पाळावयाचे नियम

१. जाण्यापूर्वी त्या ठिकाणाची माहिती एकाने वाचून घ्यावी व गाडीतच सर्वांना सांगावी.

२. अक्षरांवर खडू, रंग, तेल किंवा हळद-कुंकू लावू नये. कोरलेली ओळ त्याने झिजते. लेख वाचायचा असेल, तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहावा. अक्षरे आपोआप उठून दिसतात.

३. जंगलातील कड्यांवर आग्यामोहळे असतात. धूर, उदबत्ती, फटाके व मोठा आवाज टाळावा. वंदना मंद स्वरात घ्यावी.

४. पावसाळ्यात ओढा ओलांडताना धाडस करू नये. अभयारण्यात अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे.

५. एकही वीट, खापर किंवा मणी घरी आणू नये. १९५८च्या कायद्याने संरक्षित स्मारकाची हानी करणे हा गुन्हा आहे. शेतात किंवा पायाच्या खणतीत काही सापडले, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. वस्तू होती तेथेच ठेवून, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढावा.

६. नवी मूर्ती, झेंडा किंवा फरशी बसवून जुन्या अवशेषाचे रूप बदलू नये. अवशेष जसा आहे तसा राहिला, तरच तो साक्ष देऊ शकतो.

७. प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत स्तूपाचा साधा आराखडा काढावा, खोल्या मोजाव्यात, टाकी मोजावीत. दहा फोटोंपेक्षा हाताने काढलेला एक आराखडा अधिक शिकवतो.

९. समारोप

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांसह धम्म स्वीकारला. त्यापूर्वी ही लेणी बहुतांशी अभ्यासकांची व प्रवाशांची होती. त्या दिवसापासून ती पुन्हा उपासकांची झाली. हा हक्क मोठा आहे, पण त्याबरोबर येणारी जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. ज्यांचे पूर्वज शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्यांची मुले आज दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे वाचू शकतात. लोहार नंदाची वाट आणि दताचे नाव आपल्याला नीट वाचता आले व पुढच्या पिढीला वाचायला शिल्लक ठेवता आले, तर आपण तेथे गेलो याचे सार्थक झाले.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न : (१) स्तूपाच्या भागांची नावे सांगून आकृती काढा. (२) त्रिविक्रम मंदिराविषयीचे कझेन्स यांचे मत कोणत्या खुणांवर आधारलेले आहे? त्या खुणा पुरेशा आहेत काय? (३) १५०० कार्षापण शेकडा दरमहा १ या दराने ठेवले, तर वर्षाच्या व्याजात प्रत्येकी १२ कार्षापणांप्रमाणे किती भिक्खूंची चीवरे होतील? (४) आपल्या गावच्या पांढरीविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

सर्वांचे मंगल होवो!